कोन हसरे गे?

आमच्या घरात टीव्ही आला तो १९९४ साली, आणि आला तो दादीच्या मर्जीविरुद्ध. अब्बा सोलापुरात यंत्रमागावर कामाला होते. कुणीतरी रंगीत टीव्ही घेतला म्हणून त्याचा जुना ब्लॅक अँड व्हाइट संच त्यांनी हप्त्याने घेतला आणि रिक्षातून घरी आणला. दादी दारातच उभी राहिली. ‘घर में शैतान का डिब्बा आया तो बरकत जाती’ असे ती म्हणाली आणि दोन दिवस अब्बांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तह झाला. अजान झाली की टीव्ही बंद. मगरिबपासून इशापर्यंत बंदच. रमजानचा चाँद दिसला की ईदपर्यंत त्यावर चादर. आणि दादी ज्या खोलीत असेल त्या खोलीत टीव्ही ठेवायचा नाही.

शेवटची अट पाळणे कठीण होते, कारण खोल्याच दोन होत्या. मध्ये पडदा होता. आम्ही पडद्याच्या अलीकडे, दादी पलीकडे तसबीह घेऊन. महिनाभरात पडद्याला एक फट पडली. पुढे फट मोठी झाली. आणि एके रात्री आम्ही सगळे हसत असताना पलीकडून आवाज आला, ‘‘ये कोन हसरे गे? दिखते नै, खाली हसतेच रैते.’’

दादीला वाटले होते, टीव्हीच्या आत आणखी काही माणसे बसली आहेत. पात्र काही बोलले की ती हसतात, पण समोर येत नाहीत. अब्बांनी सांगितले, ‘‘अम्मा, वो लोगां नै, मशीन हसती.’’ दादीने विचारले, ‘‘मशीन कू क्या समझता?’’ यावर अब्बांकडे उत्तर नव्हते. माझ्याकडे आज थोडेफार आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने रेकॉर्ड केलेल्या हशांचे एक यंत्र तयार केले होते. बटण दाबले की हवा तेवढा हशा. अब्बांचे म्हणणे म्हणजे अक्षरशः खरे होते. पण दादीचा प्रश्न त्याने सुटत नाही. हसणारा कोण आहे, तो कुठे बसला आहे आणि तो आपल्याला का दिसत नाही, हा प्रश्न मी आज अठरा-वीस वर्षांनी नव्हे, तीस वर्षांनी पुन्हा विचारते आहे. कारण मधल्या काळात मी शिक्षिका झाले, आणि एकदा तो न दिसणारा हसणारा माणूस मीच होते.

विनोदी मालिकांचा जमाना आमच्या घरात टीव्हीच्या आधीच पोचला होता. आमच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब राहत असे. त्यांच्याकडे टीव्ही होता. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, दूरदर्शनवर ‘नुक्कड’ सुरू झाली. अब्बा मागावरून सुटले की हात धुऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत. ते नेहमी सांगायचे, ‘आपल्या चौकातले लोक टीव्हीत गेले होते.’ मी ती मालिका फार पुढे, इंटरनेटवर पाहिली, तेव्हा त्यांचे म्हणणे कळले. कुंदन शाह आणि सईद अख्तर मिर्झा हे तिचे दिग्दर्शक. वायरमन गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, घरकाम करणारी राधा, दारुडा खोपडी, पानवाला चौरसिया, हवालदार गणपत आणि एक शाळेची टीचरजी. त्यांच्यातच कादरभाई होते, ज्यांच्या हॉटेलात सगळे बसत, आणि करीम हजाम होता. कादरभाई मुसलमान आहेत हे कुणी वेगळे सांगत नव्हते. त्यांच्या तोंडी उगाच शेर घातले नव्हते. उधारी वसूल करताना ते जसे वैतागत, तसे आमच्या चौकातले चहावाले चाचा आजही वैतागतात. त्यांच्यावर लोक हसत, तेही लोकांवर हसत. हिशेब बरोबरीचा होता.

त्याआधी, १९८४ साली ‘ये जो है ज़िंदगी’ आली होती. ती लिहिली हिंदीतले मोठे व्यंगलेखक शरद जोशी यांनी. नवरा, बायको आणि बायकोचा आळशी भाऊ, एवढेच घर. प्रत्येक भागात सतीश शाह वेगळाच माणूस होऊन यायचे. त्यातला नवरा म्हणजे शफी इनामदार. हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले, आपल्या कोकणी मुसलमानांपैकी. हिंदी, मराठी, गुजराती रंगभूमीवर त्यांनी काम केले. मालिकेत ते रणजित वर्मा होते आणि कुणाला त्यात काही खटकले नाही. त्यांच्या पत्नी भक्ती बर्वे. ‘ती फुलराणी’त उच्चार सुधारायला बसवलेली मंजुळा करणाऱ्या त्या हेच. शफी इनामदार १९९६ मध्ये गेले, भक्ती बर्वे २००१ मध्ये. फुलराणीचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. ‘नीट बोलता येत नाही’ म्हणून माणसाला हसणे, हाच माझा विषय आहे.

त्या काळच्या मालिका चांगल्या का होत्या? आम्ही लहान होतो म्हणून आम्हाला त्या चांगल्या वाटतात, असे कुणी म्हणेल. त्यात थोडे तथ्य आहे. त्यांचे सेट पुठ्ठ्याचे वाटतात, प्रकाश सपाट असतो, काही भाग आज पाहवतही नाहीत. पण दोन गोष्टी होत्या. पहिली, मालिका आठवड्यातून एकदा यायची. लिहिणाऱ्याला विचार करायला सात दिवस मिळायचे. दुसरी, एकच वाहिनी होती, त्यामुळे यंत्रमागवाला आणि कलेक्टर एकच मालिका पाहत होते. लिहिणाऱ्याला दोघांचेही भान ठेवावे लागे. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरची ‘वागले की दुनिया’ आली. अंजन श्रीवास्तव यांचा कारकून वागले स्वतःच गोंधळून जायचा आणि आपण त्याच्याबरोबर गोंधळायचो. हसताना आपण त्याच्या खुर्चीच्या शेजारी बसलेलो असायचो, वर नाही.

आता पडद्याच्या फटीकडे परत येते. केबलवाल्याने आमच्या गल्लीत काळी वायर ओढली आणि ‘देख भाई देख’, ‘हम पाँच’ घरात आल्या. ‘हम पाँच’ १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झाली. पाच मुलींच्या बापाचे काम अशोक सराफ करायचे. पहिली बायको मेलेली, पण भिंतीवरच्या फोटोतून ती बोलायची. ते काम प्रिया तेंडुलकर यांचे. दादीला अशोक सराफ फार आवडायचे. मेलेली बायको फोटोतून बोलते हे तिला मुळीच पसंत नव्हते. ‘तौबा तौबा’ म्हणत ती ते पाहायची आणि पदरात तोंड लपवून हसायची. पडदा केव्हा काढला गेला ते आता कुणालाच आठवत नाही.

याच काळात ‘ज़बान सँभालके’ पाहिली. १९९३ सालची ही मालिका. मोहन भारती हा इंजिनिअर, मनासारखी नोकरी मिळत नाही म्हणून भाषा शिकवणाऱ्या संस्थेत हिंदीचा मास्तर होतो. पंकज कपूर मास्तर, शुभा खोटे प्राचार्या. वर्गात नाना प्रांतांचे, नाना देशांचे विद्यार्थी. मराठी पुढारी विजू खोटे, इंग्रज टॉम ऑल्टर. ही मूळ कल्पना इंग्लंडची. तिथे १९७७ मध्ये ‘माइंड युवर लँग्वेज’ नावाची मालिका निघाली होती. त्या वर्गात इंग्रजी शिकायला आलेले परदेशी लोक, त्यांत एक पाकिस्तानी अली, एक शीख, एक स्वेटर विणत बसणारी हिंदुस्थानी बाई. लोकांनी ती डोक्यावर घेतली, पण वंशावरून माणसांना ठरावीक साच्यात घालते असा तिच्यावर मोठा आक्षेप होता आणि वाहिनीने ती १९७९ मध्ये बंद केली. आपल्याकडे आणताना गंमत झाली. इंग्लंडात गोरा मास्तर आणि चुकणारे काळे-सावळे लोक होते. इथे मास्तर आपला आणि चुकणारा गोरा! टॉम ऑल्टर अडखळत हिंदी बोलायचे आणि आम्ही लोटपोट व्हायचो. पुढे कळले की मसुरीत जन्मलेल्या या माणसाची उर्दू आमच्या कितीतरी उर्दूच्या शिक्षकांपेक्षा चांगली होती. रंगमंचावर त्यांनी मौलाना आझाद एकट्याने उभे केले. २०१७ साली ते गेले, तेव्हा आमच्या शाळेत मी मुलांना त्यांचे उर्दू ऐकवले. एकाही मुलाचा विश्वास बसेना की हा माणूस टीव्हीवर ‘ज़बान’ बिघडवून बोलायचा.

आम्हाला ती मालिका फार जवळची वाटायची, त्याचे कारण आमची गल्ली. सोलापूरची माणसे हे समजतील. शेजारच्या पद्मशाली काकू घरात तेलुगू बोलत, त्यांच्या पलीकडचे लिंगायत कुटुंब कन्नड, कोपऱ्यावरचे मास्तर मराठी आणि आम्ही दखनी. नळावर सगळ्या बायका मराठीत भांडायच्या, आणि प्रत्येकीचे मराठी वेगळे. दादी काकूंना म्हणायची, ‘‘तुमी पानी जास्ती घेतलं, आमी कुठे जायचं?’’ काकूंचे मराठी तेलुगूच्या चालीत वर-खाली जायचे. दादी त्यांची नक्कल करायची, काकू दादीची. दोघी हसायच्या आणि मग घागर उचलायच्या. आमच्याकडे ‘ज़बान सँभालके’ रोज सकाळी सहा वाजता नळावर लागायची, आणि तिथे मास्तर कुणीच नव्हता.

माझे मराठी तसे टीव्हीने सुधारले. माझी शाळा उर्दू माध्यमाची. मराठीचा तास होता, पण बोलायला कुणी नव्हते. २००१ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली, तेव्हा मी नववीत होते. केदार शिंदे यांचे दिग्दर्शन, दिलीप प्रभावळकर आबा. आठवड्यातून एकदा तिथे एक साधे घर दिसायचे. आजोबा, मुलगा, सून, नातू, नात. भांडण कशावरून, तर पेपर कोणी आधी वाचायचा. मी ती मालिका हसण्यासाठी पाहायची आणि ऐकण्यासाठीही. ‘ळ’ कसा येतो, ‘ण’ कुठे लागतो, सासऱ्याला सून काय म्हणते. मराठी घर आतून कसे असते हे मला आबांनी दाखवले. दादी शेजारी बसून म्हणायची, ‘‘ये बुढ्ढा अपने घर का लगता.’’ दादी २००४ साली गेली. तिचा शेवटचा आवडता माणूस टिपरे आबा होता, शैतान के डिब्ब्यातला.

एवढी तयारी करूनही बी.एड.ला माझी फजिती झाली. २००९ साली एका मराठी माध्यमाच्या महाविद्यालयात मी बी.एड.ला होते. उर्दू आणि भूगोल या माझ्या अध्यापन पद्धती. भूगोलाचा सराव पाठ एका मराठी शाळेत आठवीला घ्यायचा होता. विषय मृदा. रात्रभर तक्ते रंगवले. वर्गात उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, ‘‘आपल्या सोलापूर जिल्ह्यात काली माती आढळते.’’ मुले हसली. मी घाबरले आणि पुढे ‘पानी धरून ठेवण्याची क्षमता’ म्हणाले. मग मागच्या बाकांवर निरीक्षणाला बसलेले माझे सहाध्यायीही हसले. मुलांचे मला काही वाटले नाही. मागून आलेला हशा मात्र मी विसरले नाही. मधल्या सुट्टीत त्यांतला एक जण म्हणाला, ‘‘तुम्ही त्या ‘ज़बान सँभालके’त शोभाल.’’ सगळे पुन्हा हसले. मीही हसले, कारण न हसून चालणार नव्हते. पाठाच्या वहीत शेरा आला, ‘उच्चार सदोष.’ त्या रात्री मी ‘काळी, काळी, काळी’ असे दोनशे वेळा म्हटले.

नळावर दादीच्या ‘पानी’ला काकू हसायच्या आणि इथे माझ्या ‘पानी’ला ते हसले. शब्द तोच. फरक एवढाच की नळावर दादीला उलट हसता येत होते. इथे मला उलट हसता येत नव्हते.

तोवर टीव्हीवरचे जगही बदलले होते. २००० सालापासून रोजच्या सासू-सुनांच्या मालिका आल्या आणि विनोद बाजूला पडला. तरी काही चांगले होत होते. २००१ मध्ये ‘ऑफिस ऑफिस’ आली. पुन्हा पंकज कपूर. त्यांचा मुसद्दीलाल एका कागदासाठी टेबलाटेबलावर फिरायचा. अब्बा तेव्हा रेशन कार्डावरचे चुकलेले नाव दुरुस्त करण्यासाठी एका कार्यालयात सहा महिने फिरत होते. ती मालिका पाहताना ते हसता हसता मध्येच गप्प व्हायचे. विनोदाने असे गप्प करावे, तेव्हा तो खरा.

२००४ ची ‘साराभाई वर्सेस साराभाई’ मी उशिरा पाहिली. पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिला फारसा प्रेक्षक नव्हता. लोकांनी ती नंतर शोधून काढली. दक्षिण मुंबईची उच्चभ्रू सासू माया, मध्यमवर्गीय सून मोनिशा. माया मोनिशाच्या बोलण्यातल्या, राहण्यातल्या चुका काढत राहते. पण लेखकाने मायाच्या तोऱ्यालाच हास्यास्पद केले आहे, आणि तिचा नवरा इंद्रवदन नेहमी सुनेच्या बाजूने. इंद्रवदन म्हणजे तेच सतीश शाह, १९८४ चे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले, तेव्हा आमच्या घरातली तीन पिढ्यांची एक दुवा तुटल्यासारखे झाले.

मग २८ जुलै २००८ रोजी ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ सुरू झाली. तारक मेहता यांच्या ‘चित्रलेखा’तल्या गुजराती सदरावरून ती निघाली. चार हजारांहून अधिक भाग झाले. माझ्या वर्गातले मूल जन्मले तेव्हा ती चालू होती. सुरुवातीची वर्षे मला आवडली होती. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून पाहता येईल असे दुसरे काही नव्हते, हे मान्य करायला हवे. पण रोज एक भाग म्हटल्यावर मागाचे काय होते ते मी यंत्रमागवाल्याची मुलगी म्हणून जाणते. सूत विरळ होते आणि चादर तेवढ्याच लांबीची दिसत राहते. एक गैरसमज पंधरा-वीस भाग चालतो. कुणी काही बोलले की कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर जातो, प्रत्येक चेहऱ्याला एक ‘धडाम्’. जुने हसणारे यंत्र बरे म्हणायचे. ते निदान माणसाचा आवाज काढायचे.

त्या सोसायटीत गुजराती आहेत, मराठी भिडे मास्तर आहेत, पंजाबी सोढी आहेत, तमिळ नवरा आणि बंगाली बायको आहे. आणि अब्दुल आहे. सज्जन, सगळ्यांच्या कामाला धावणारा. त्याचे दुकान मी शेकडो वेळा पाहिले. त्याचे घर, त्याची अम्मी, त्याच्या घरातले भांडण मला कधी दिसले नाही. कादरभाईंच्या हॉटेलात बसलेले आम्ही अब्दुलच्या दुकानाच्या बाहेरच उभे राहिलो. ही कुणाची दुष्टाई आहे असे मी म्हणत नाही. लिहिणाऱ्याला ते घर आतून माहीत नसावे. मला टिपऱ्यांचे घर आतून माहीत झाले, कारण कुणीतरी ते मन लावून लिहिले होते. आपले घर तसे कोण लिहिणार? आपल्यापैकी कुणी लिहिले आहे का? दुसऱ्याकडे बोट दाखवताना हा प्रश्न मला स्वतःला टाळता येत नाही.

आणि आता माझी गोष्ट, जी सांगण्यासाठी हा सगळा पसारा मांडला.

२०१६ साल. सहावीचा उर्दूचा तास. एक मुलगा उभा राहून धडा वाचत होता. त्याचे नाव लिहीत नाही. वडील हमाली करणारे, घरात आजी. धड्यात ‘क़लम’ आला, तो ‘खलम’ म्हणाला. आपल्या दखनीत ‘क़ाफ़’चा उच्चार असाच ‘ख’कडे जातो, हे मला ठाऊक होते. मी थांबवले. तो पुन्हा ‘खलम’ म्हणाला. तिसऱ्यांदाही तेच. मग मला काय झाले माहीत नाही. मी तोंड वाकडे करून, डोळे मोठे करून, टीव्हीवर करतात तसे एकेका मुलाकडे बघत म्हणाले, ‘‘ख-ख-खलम!’’ वर्ग कोसळला. माझी नक्कल चांगली जमली होती. मला बरे वाटले, हे खोटे कशाला लिहू? मुले आपल्या शिकवण्यावर इतकी खूश कधी नसतात. मी आणखी एकदा केले.

त्या दिवसापासून त्याचे नाव ‘खलम’ पडले. मैदानात, पाण्याच्या टाकीपाशी, घरी जाताना रस्त्यावर. त्याने वर्गात हात वर करणे सोडले. मग वाचायला उभे राहणे सोडले. मग शाळेत येणे कमी केले. महिन्याभराने त्याची आजी शाळेत आली. सुती साडी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मला वाटले भांडायला आली. ती भांडली नाही. म्हणाली, ‘‘मॅडम, बच्चा मदरसे कू आने कू डरता. बोलता, मेरी ज़बान खराब है. हमारे घर में तो सब खलमच बोलते मॅडम. उसका क्या गुन्हा?’’

मी तिच्याकडे पाहत राहिले. मला दादी आठवली. परीक्षेला निघताना दादी दारात उभी राहून विचारायची, ‘‘खलम लिई क्या गे?’’ रोज. दहा वर्षे. तिच्या तोंडचा ‘खलम’ मला कधी चूक वाटला नव्हता, तो दुआसारखा वाटायचा. त्या मुलाच्या तोंडून आला तेव्हा मी त्याला वर्गात नाचवले. बी.एड.च्या मागच्या बाकांवर बसून जे लोक माझ्या ‘काली माती’ला हसले होते, त्यांच्या शेजारी मी जाऊन बसले होते. मी माया झाले होते, आणि इथे मला अडवायला कुणी इंद्रवदन नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी फळ्यावर ‘क़लम’ लिहिला आणि त्याखाली ‘खलम’. मुलांना सांगितले, हे किताबी उर्दू आहे, परीक्षेत हे लिहायचे. आणि हे दखनी आहे, चार-पाचशे वर्षांची ज़बान, विजापूर-गोवळकोंड्याच्या शायरांची, माझ्या दादीची. मग सांगितले, त्या दिवशी मी हसले ते चूक होते. वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. वर्ग गप्प होता. त्यानेही काही म्हटले नाही, मान खाली घालून बसला. गोष्टीत लिहितात तसा तो हसला वगैरे नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. माझ्यामुळेच सोडली असे मी म्हणणार नाही. घरची परिस्थितीही होती. पण माझ्यामुळे नाहीच, असेही मला म्हणता येत नाही. आज तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. दिसला की ‘सलाम मॅडम’ म्हणतो. बस.

आता मुलांना मालिका पाहायलाही वेळ नाही. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे तुकडे येतात. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याने जेठालाल पाहिला तो तुकड्यांत, साराभाई तुकड्यांत. त्या तुकड्यात फक्त हसण्याची जागा असते. हा माणूस कोण, त्याला काय दुखते, त्याने उलट काय उत्तर दिले, हे कापलेले असते. चांगले लिहिणारे संपले असे मात्र नाही. २०२० मध्ये आलेली ‘पंचायत’ मी पाहिली. एका हंगामाला आठच भाग, निवांत, गावातला प्रत्येक माणूस चुकणारा आणि तरी मान राखून असलेला. ‘नुक्कड’ची आठवण झाली. फक्त ती पाहायला आता पैसे भरावे लागतात. शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन पाहण्याचे दिवस गेले.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी नाटुकले बसवायचे ठरवले. मी अट एकच घातली. कुणाच्या बोलण्यावर, रंगावर, चालण्यावर हसायचे नाही. हसायचे असेल तर ज्याच्या हातात छडी आहे त्याच्यावर हसा. मुलांनी दखनीत नाटुकले लिहिले. विषय होता, मॅडम. एक मुलगी माझ्यासारखा चष्मा नाकावर ओढून उभी राहिली आणि ‘काळी माती’ म्हणताना मुद्दाम ‘काली’ म्हणाली. हे तिला कोणी सांगितले होते देव जाणे, बहुधा मीच कधीतरी वर्गात सांगितले असेल. सभागृह हसले. मागच्या रांगेत आया बसल्या होत्या, काही दादी-नानी होत्या, त्याही पदरात तोंड लपवून हसल्या. मी वळून पाहिले. सगळे चेहरे दिसत होते.

दादी असती तर तिला विचारावे लागले नसते.